पेटीतला जुना स्वेटर पुन्हा विणायचा असेल तर

आमच्या आजोबांचा स्वेटर मेंदी रंगाचा आहे. व्ही गळा, पूर्ण बाह्या, पुढच्या बाजूला दोन वेण्या, म्हणजे टाके एकमेकांवरून वळवून केलेली उभी नक्षी. आजोबा रेल्वेत होते, मिरज-लोंढा मार्गावर, मीटरगेजच्या काळात. लोंढ्याला रात्रपाळी असली की हा स्वेटर आणि त्यावर कोट. विणला आजीनं. आता दोन्ही कोपर इतके विरलेत की उजेडाला धरलं तर पलीकडचं दिसतं. घालायला काढला तर फाटणार, हे उघड होतं. म्हणून मी तसाच दुसरा विणला, त्याच टाक्यांचा आणि खऱ्या लोकरीचा.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो. खानापूर, जांबोटीकडे तर धुकं उन्हं वर येईपर्यंत हटत नाही. त्यामुळे आपल्याकडे जुन्या घरांत असा एखादा स्वेटर निघतोच. तुमच्याकडेही असेल, आणि तुम्हाला सुलट-उलट एवढंच विणता येत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. तेवढंही येत नसेल तर आधी पंधरा दिवस एक मफलर विणा. सुलट आणि उलट टाका न बघता पडायला लागला की या कामाला हात घाला.

सगळ्यात आधी: उसवू नका

मी स्वेटर पेटीतून काढला तेव्हा माझा विचार होता की तोच उसवायचा, लोकर धुऊन पुन्हा तीच विणायची. आत्यानं हात धरला. "अगं, उसवू नको. आईनं कसं विणलं ते त्यातच आहे की. उसवलंस तर विचारायचं कुणाला?" तिचं खरं होतं. आजीनं कागदावर काहीच लिहून ठेवलं नव्हतं. तो स्वेटर हाच तिचा कागद. शिवाय पन्नास वर्षांच्या लोकरीत दम राहिलेला नसतो. ताण दिला की मध्येच तुटते, आणि दर वीतभर अंतरावर गाठ मारलेल्या लोकरीचा स्वेटर कुणी घालणार नाही.

डांबरगोळ्यांचा वास असेल तर दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर पसरून ठेवा. वळणीवर टांगू नका, ओघळतो. बारीक भोकं किंवा पांढरी जाळी दिसली तर कसर लागलेली आहे. स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा, अळ्या आणि अंडी मरतात. धुवायचाच असेल तर थंड पाणी आणि रिठे. चोळायचं नाही, पिळायचं नाही. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि कापडाचं नमदं होतं. ते पुन्हा सुटत नाही. धुतलेला स्वेटर पंचात गुंडाळून दाबा आणि चटईवर आडवा वाळवा.

स्वेटर वाचायचा कसा

या कामात सर्वांत जास्त वेळ इथं द्या. मी चार संध्याकाळ दिल्या.

नवीन माणूस पहिली चूक करतो ती टेप घेऊन बसण्याची. छाती इतके इंच, लांबी तितके इंच. पण जुन्या स्वेटरच्या बाबतीत टेप खोटं बोलते. तो खाली ओघळलेला असतो, कोपरात फुगलेला असतो, कुठं आक्रसलेला असतो. टाक्यांची संख्या मात्र बदलत नाही. आजीनं १४२ टाके घातले असतील तर आजही ते १४२च आहेत. म्हणून टाके मोजा.

स्वेटर पांढऱ्या चादरीवर सपाट पसरा. खालच्या काठाची पट्टी संपते त्याच्या लगेच वरची एक ओळ पकडा आणि शिवणीपासून शिवणीपर्यंत टाके मोजा. दर दहा टाक्यांना एक टाचणी टोचा, म्हणजे मध्ये दाराची बेल वाजली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. सुलट बाजूचा प्रत्येक टाका इंग्रजी व्ही सारखा दिसतो. एक व्ही म्हणजे एक टाका.

पाठीला १४२ निघाले आणि पुढच्या बाजूला १५०. मला वाटलं मी चुकले. तीनदा मोजले, १५०च. मग कळलं की वेणी टाके ओढून घेते. सहा टाक्यांची वेणी सपाट विणलेल्या सहा टाक्यांएवढी रुंद होत नाही, म्हणून आजीनं प्रत्येक वेणीमागे चार टाके वाढवून घेतले होते. तसं केलं नसतं तर पुढचा भाग पाठीपेक्षा अरुंद झाला असता.

त्यानंतर घनता मोजा. जिथं कापड ताणलेलं नाही अशा तीन जागा निवडा. पाठीचा मधला भाग चांगला, काखेजवळची आणि कोपराची जागा नको. आडवे १० सेंटिमीटर आणि उभे १० सेंटिमीटर टाचण्या लावून टाके व ओळी मोजा आणि तिन्हीची सरासरी घ्या. आजोबांच्या स्वेटरला १० सेंटिमीटरमध्ये २८ टाके आणि ३६ ओळी निघाल्या. चार पदरी लोकर आणि १० नंबरच्या सुया यांचं हे नेहमीचं माप आहे. जुन्या घरगुती स्वेटरांत बहुधा तुम्हालाही याच्या जवळपास सापडेल.

आलेख-कागदावर डिझाइन उतरवताना एक लक्षात ठेवा. टाका चौकोनी नसतो, तो रुंदीपेक्षा उंचीला कमी असतो. चौकोनी घरांच्या कागदावर काढलेली वेणी लांबट दिसते, ती तशीच दिसायला हवी. विणल्यावर ती आखूड होते.

आता दिशा. व्हीचं टोक ज्या बाजूला असतं तिकडून विणायला सुरुवात झालेली असते. पाठ आणि पुढचा भाग यांची टोकं खाली होती, म्हणजे खालून वर विणलेले. बाह्यांची टोकं मात्र खांद्याकडे होती. मी स्वेटर उलटा धरला की काय म्हणून फिरवून पाहिला. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "मी बघितलोय की. आई बाही वरनंच विणायची. मनगटाची पट्टी आधी झिजते, तेवढीच उसवून परत विणायची." विणकाम शेवटच्या टोकाकडून सहज उसवतं, सुरुवातीच्या टोकाकडून उसवता उसवता जीव जातो. बाही वरून खाली विणली की शेवट मनगटावर येतो. लहान मुलांच्या स्वेटरला तर हीच रीत घ्या, दरवर्षी दोन इंच वाढवता येते.

रंग बाहेरून ठरवू नका. शिवणीच्या आत बघा. बाहेर मातकट दिसणारा आमचा मेंदी रंग काखेच्या शिवणीत चांगला गडद हिरवा निघाला. आजोबांनी अंगात घातला तो रंग तो. तिथंच शिवणीत दडवलेलं लोकरीचं शेपूट सापडतं. त्यातलं इंच-दीड इंच कापून घ्या. पीळ उलटा फिरवून किती पदर आहेत ते मोजा, आणि उरलेला तुकडा जपून ठेवा, तो दुकानात न्यायचा आहे.

लोकर

आजीच्या वेळी धारीवाल आणि लाल इमली ही नावं घराघरांत माहीत होती. धारीवालची गिरणी पंजाबात, लाल इमलीची कानपुरात, दोन्ही एकोणिसाव्या शतकातल्या. तशी लोकर आज शोधत बसण्यात अर्थ नाही.

बेळगावात खडेबाजार, गणपत गल्लीच्या आसपास किंवा निपाणी, चिकोडीच्या बाजारात लेस, बटणं, अस्तर विकणाऱ्या दुकानांत "लोकर" मागितली की समोर येतात त्या रंगीत गुंड्या जवळजवळ सगळ्या अ‍ॅक्रिलिकच्या असतात. दुकानदार फसवतोच असं नाही, आपण सगळेच त्याला लोकर म्हणतो. पण मला एका ठिकाणी शुद्ध म्हणून दिलेली लोकर घरी येऊन पेटवली तर ती वितळून टपकली. तेव्हापासून मी आधी एक गुंडा घेते, जाळून बघते, मगच बाकीची.

जाळायची रीत अशी. बोटभर धागा चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा, काडी लावा. खरी लोकर कुरकुरत जळते, ज्योत काढली की आपोआप विझते, केस जळल्याचा वास येतो आणि मागे काळी राख राहते, जी बोटांत चुरगळते. अ‍ॅक्रिलिक भराभर पेटतं, वितळतं आणि गार झालं की टणक मणी बनतो. मिश्रण असेल तर वासही येतो आणि खडाही राहतो. दुसरी रीत म्हणजे धाग्याचा तुकडा कपड्यांच्या ब्लीचमध्ये रात्रभर ठेवायचा. लोकर विरघळून जाते, अ‍ॅक्रिलिक तसंच राहतं.

फरक इतका महत्त्वाचा का? लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के दमटपणा पोटात घेते, तरी ओली लागत नाही. खानापूरच्या धुक्यात सायकलवर निघालेल्या माणसाला हे लगेच कळतं. शिवाय लोकर धुऊन, ओली असताना आकाराला लावता येते आणि ती तशीच राहते. अ‍ॅक्रिलिक तसं ऐकत नाही, म्हणून वेणीचा उठाव त्यात काही दिवसांनी बसतो.

मग आपल्याच भागातली लोकर का नको, असं मलाही वाटलं होतं. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला माघात धनगर येतात, दख्खनी मेंढीची काळी लोकर इथल्याच माळावरची. पण ती जाड आणि राठ असते. तिचं घोंगडं होतं आणि ते पावसात उभं राहतं. गळ्याला आणि मनगटाला लागणारा स्वेटर त्या लोकरीचा केला तर तासाभरात अंगातून काढावा लागेल. ज्याला शर्टावर घालायची जाड बंडी विणायची आहे त्यानं जरूर घ्यावी. जुन्या स्वेटरच्या जागी मात्र मऊ लोकरच हवी. मेरिनो जातीच्या मेंढीचा तंतू साधारण १८ ते २४ मायक्रॉनचा असतो, तो टोचत नाही.

मुंडगोडहून हिवाळ्यात येणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडे तयार स्वेटर असतात, विणायची लोकर क्वचितच. मी शेवटी लोकर टपालानं मागवली, हिमाचलातून, लडीच्या स्वरूपात. मागवताना चार गोष्टी बघा: लेबलवर १०० टक्के लोकर किंवा वूलमार्कचं चिन्ह, चार पदर, लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीला एकच नंबर असतो) आणि वजन. पूर्ण बाहीच्या पुरुषी स्वेटरला ४०० ते ४५० ग्रॅम लागते, बिनबाहीच्याला २५० ग्रॅमच्या आसपास. सगळी एकाच वेळी, एकाच लॉटची घ्या आणि वर ५० ग्रॅम जादा. लॉट बदलला की रंगात फरक पडतो. दुकानाच्या उजेडात तो दिसत नाही, उन्हात छातीवर आडवी रेघ दिसते. मशीनमध्ये धुता येईल असं लिहिलेली लोकर या कामाला नको. तिच्यावरचे खवले घालवलेले असतात, त्यामुळे ती धुतल्यावर लांबत जाते.

लडी थेट विणायला घेऊ नका, गुंता होईल. आत्या दोन्ही हात पुढे करून बसायची आणि मी गुंडा करायची. धागा संपत येईल तसे तिचे मनगट आपोआप इकडून तिकडे झुलायचे, आणि ती बोलत राहायची. घरात कुणी नसेल तर खुर्चीची पाठ चालते. गुंडा सैल गुंडाळा, घट्ट गुंडाळला की लोकरीची फुगवण मरते.

सुया आणि नमुना

आपल्याकडे सुयांचा जुना नंबर चालतो आणि तो उलटा आहे, नंबर मोठा तेवढी सुई बारीक. १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, १२ नंबर म्हणजे २.७५, ८ नंबर म्हणजे ४. अंगासाठी १० आणि पट्ट्यांसाठी १२ घ्या.

मग नमुन्याचा तुकडा: ४० टाके, ५० ओळी. टाके बंद करा, तुकडा धुवा, वाळवा आणि मगच मोजा. न धुतलेल्या तुकड्याचं माप कामाचं नाही. माझ्या तुकड्यात १० सेंटिमीटरला ३० टाके आले, आजीच्या २८ ऐवजी. दोन टाक्यांनी काय होतं असं वाटेल. पण १४० टाके २८ च्या हिशेबानं ५० सेंटिमीटर होतात आणि ३० च्या हिशेबानं ४६.७. पुढे-मागे मिळून साडेसहा सेंटिमीटरहून जास्त आवळ. माझा हात आजीपेक्षा घट्ट होता. मी ९ नंबरच्या सुया घेतल्या, पुन्हा तुकडा केला, तेव्हा २८ आले. सुईचा नंबर काय लिहिलाय ते महत्त्वाचं नाही, टाके किती बसतात ते महत्त्वाचं.

विणायला बसल्यावर

खालचे आकडे आमच्या स्वेटरचे आहेत, तयार छाती ४० इंच. तुम्ही तुमचे मोजलेले आकडे घ्या, क्रम मात्र हाच राहील.

पाठ आधी विणा, ती सोपी असते आणि हात बसतो. बारीक सुईवर १३० टाके घाला. एक सुलट, एक उलट अशी ३ इंच पट्टी. शेवटच्या ओळीत १२ टाके वाढवा, साधारण दर अकराव्या टाक्याला एक, म्हणजे १४२ होतील. सुई बदला आणि काखेपर्यंत सरळ विणत चला, सुलट बाजूनं सुलट, उलट बाजूनं उलट.

मुंढ्याला, म्हणजे बाही जोडायच्या खाचेला, पोहोचण्याआधी एक काम करा. पांढरा शिलाईचा दोरा दाभणात ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून आरपार घाला आणि तसाच ठेवा. पुढे घोटाळा झाला तर तिथपर्यंतच उसवेल. मी हा दोरा घातला नव्हता आणि मुंढ्यात चुकल्यावर पाच इंच विणकाम गेलं. ते दोन संध्याकाळचं काम होतं.

मुंढा: दोन्ही बाजूंना ७-७ टाके बंद, मग दर एकाआड एक ओळीत दोन्ही कडांना एकेक टाका कमी, असं ७ वेळा. उरतात ११४. मुंढ्याची उंची ९ इंच झाली की खांद्याचे ३५-३५ आणि मधले गळ्याचे ४४ टाके.

पुढची बाजू तशीच, फक्त पट्टीनंतर टाके १५०. वेणी सहा टाक्यांची, दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट टाके, म्हणजे ती उठून दिसते. दर आठव्या ओळीला तीन टाके वेगळ्या छोट्या सुईवर घेऊन धरून ठेवायचे, त्यानंतरचे तीन विणायचे, मग धरलेले विणायचे. डाव्या वेणीत धरलेले टाके पुढे, उजव्या वेणीत मागे, म्हणजे दोन्ही वेण्या समोरासमोर वळतात.

आमच्या स्वेटरच्या डाव्या वेणीत अकराव्या वळणाला टाके उलटीकडे गेलेत. आजीची चूक. आजोबांच्या अंगात तो स्वेटर इतकी वर्षं होता, कुणाच्या लक्षात आलं नाही. मी माझ्या स्वेटरमध्ये अकरावं वळण मुद्दाम तसंच घातलं. तुमच्या स्वेटरमध्ये अशी खूण सापडली तर ती सुधारू नका असं माझं मत आहे. मात्र सैल सुटलेला टाका किंवा अर्धवट गाठ ही खूण नव्हे, ती नीटच करा.

मुंढा सुरू होतानाच व्ही गळाही सुरू होतो. टाके बरोबर मध्ये विभागा, एक बाजू जादा सुईवर ठेवा. गळ्याकडे दर एकाआड ओळीत १० वेळा, मग दर चौथ्या ओळीत १२ वेळा एकेक टाका कमी करा. खांद्याशी ३९ राहतील. शेवटच्या ओळीत वेणीचे जादा ४ टाके दोन-दोन एकत्र विणून कमी करा, म्हणजे ३५, पाठीच्या खांद्याशी जुळले.

खांदे जोडा. बाहीसाठी मुंढ्याच्या कडेनं टाके उचला, दर चार ओळींमागे तीन, कारण टाका रुंद आणि ओळ आखूड. एकूण १२० च्या आसपास होतील. दर सहाव्या ओळीला दोन्ही कडांना एकेक कमी करत मनगटापर्यंत या. ७४ च्या जवळपास उरतील, एका ओळीत ते ६० करा, बारीक सुई घ्या आणि ३ इंच पट्टी. शेवट अगदी सैल हातानं बंद करा, नाहीतर पंजा जाणार नाही. गळ्याची पट्टी शेवटी. व्हीच्या टोकाचा एक टाका मध्यभागी ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंना दर एकाआड ओळीत एकेक कमी करा, म्हणजे टोक धारदार बसतं.

सगळं मिळून हे नव्वद हजारांच्या आसपास टाके होतात. नव्या हाताला रोज दीड तास दिला तर दोन-अडीच महिने. म्हणून गणपती उठले की सुरू करा, थंडी पडायच्या आत होईल. श्रावणात सुरू केलंत तरी चालेल, बाहेर पाऊस असताना विणायला बरं वाटतं, फक्त नमुन्याचा तुकडा त्या दमट हवेत वाळायला चार दिवस लागतात.

शिवण, आणि नंतर

बाजूची शिवण त्याच लोकरीनं, सुलट बाजू समोर ठेवून, ओळीला ओळ जुळवत घाला. मशीनवर शिवू नका. शेपटं शिवणीत चार-पाच इंच दडवा. अर्धा तास थंड पाण्यात भिजवा, पंचात दाबा, चादरीवर पसरून हातानं मापाला लावा आणि वाळेपर्यंत हात लावू नका. पहिल्यांदा ओला स्वेटर बघून धस्स होईल, तो मोठा आणि मेलेला दिसतो. वाळताना तो परत उठतो.

घडी घालून ठेवा, खिळ्याला किंवा हँगरला नाही. सुकलेला कडुनिंबाचा पाला मलमलच्या पुरचुंडीत घालून ठेवतात, पण त्याच्याच भरवशावर राहू नका. दर दोन महिन्यांनी स्वेटर बाहेर काढून झटका, कसरीला हालचाल आणि उजेड चालत नाही.

उरलेली लोकर टाकू नका. कोपर विरेल तेव्हा त्याच लॉटची लागेल. मी ती एका पिशवीत ठेवली आहे आणि सोबत चिठ्ठी: लोकर चार पदरी, सुया ९ आणि १२, पाठ १४२, पुढे १५०, वेणी सहाची दर आठव्या ओळीला, बाह्या वरून खाली, डाव्या वेणीचं अकरावं वळण उलटं. पिशवी नव्या स्वेटरखाली आहे, आणि त्याच्या शेजारी आजोबांचा जुना, उसवलेला नाही.